बेबीबाईचा नंबर

आमच्या गल्लीत फोन घरोघर आहेत, पण नंबर एकच आहे. तो बेबीबाईचा.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. इथे रिचार्ज संपला की माणूस नवं सिम घेतो आणि जुनं कुठे गेलं ते त्यालाही ठाऊक नसतं. गॅसवाला नंबर मागतो, रेशनवाला मागतो, बँक मागते, शाळा मागते. स्वतःचा नंबर कोणाला पाठ नाही. बेबीबाईचा मात्र लहान पोरांनाही पाठ, कारण त्याच्या शेवटी एकवीस एकवीस आहे. पंधरा वर्षांत तो बदललेला नाही. बेबीबाई काहीच बदलत नाही, चक्कीचा पट्टासुद्धा तुटेपर्यंत नाही.

बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून ती पिठाची चक्की चालवते. आता साठीला टेकली. भुवयांवर पीठ, कानात आवाज बसलेला, आणि तो बटनाचा फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. शिक्षण सातवी पास, म्हणजे मेसेज वाचण्यापुरतं भरपूर. संध्याकाळी सहाला चक्की बंद करायची, तोंड धुवायचं आणि गल्लीत निरोप द्यायला निघायचं, हा तिचा नेम. निरोप देण्याची रीतही ठरलेली. ज्याचा निरोप त्याच्याच कानात. सासूचा सुनेला नाही, बापाचा लेकाला नाही. पदराचा आडोसा करून, कानाशी तोंड नेऊन सांगणार. सिलिंडर निघाल्याचं ती अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला लॉटरी लागली.

मी दीपमाला. तिच्या चक्कीसमोर माझं घर, ओसरीवर शिलाई मशीन, ब्लाऊज शिवते. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. नवरा तर लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून सांगतोय. तो तुमसरला कामाला असतो आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्याकडे असतो, म्हणून माझाही नंबर एकवीस एकवीसच.

बेबीबाईचं सोडून आमच्या गल्लीत अकरा दारं. बेबीबाई दहा दारांशी जायची. अकरावं दार सुंदरबाईचं, बेबीबाईच्या भिंतीला भिंत लागून. तिथून जाताना बेबीबाई मान दुसरीकडे वळवायची. नऊ वर्षांपूर्वी सुंदरबाईच्या पोरीला पाहून गेलेल्या लोकांनी नकार कळवला, तोही याच फोनवर. बेबीबाईनं तो कानातच सांगितला होता. पण दोन दिवसांत गावभर झाला. खरं तर तो मुलाकडच्या मध्यस्थानंच पानठेल्यावर बोलून टाकला होता. सुंदरबाईनं मात्र भर गल्लीत हात नाचवून म्हटलं, "हे हिच्याच तोंडातून गेलं!" बेबीबाईनं त्या दिवशी शपथ घेतली की या दाराशी पुन्हा निरोप नेणार नाही. नऊ वर्षं पाळली. शपथ पाळण्यात आमच्याकडच्या बायका फार पक्क्या. औषधाची गोळी पाळत नाहीत, शपथ पाळतात.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी समाजमंदिरात तपासणी शिबिर लागलं. तिशीच्या वरच्या सगळ्यांनी यायचं. सिस्टरकडे टॅब होता. ती विचारायची आणि बोटानं भरायची. वय किती, तंबाखू खाता का, बीपी, कमरेचा घेर, आई-बापाला, भावाबहिणीला हार्टचं काही होतं का. मग बोटाला सुई टोचून साखर आणि हातातून नळीभर रक्त. सिस्टरनं समजावलं की रक्ताचा रिपोर्ट तालुक्याच्या दवाखान्यात जाईल आणि तिथलं कॉम्प्युटर सगळं एकत्र करून सांगेल, पुढच्या दहा वर्षांत कोणाच्या हृदयाला किती धोका आहे. हिरवा, पिवळा, लाल. कोणाला कोणती गोळी चालू करावी, कोणाला भंडाऱ्याला पाठवावं, तेही ते डॉक्टरला सुचवणार.

"म्हंजे पत्रिकाच पायते म्हना ना," तुलाराम म्हणाला. तो गल्लीच्या टोकाला राहतो, उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो. सिस्टरनं तंबाखूचं विचारलं तर म्हणे, "तंबाखू नाही खात जी, खर्रा खातो." सिस्टरनं 'हो' भरलं.

शेवटचा प्रश्न मोबाईल नंबर. आम्ही एकामागून एक म्हणालो, एकवीस एकवीस. सिस्टर वैतागली, पण टॅबनं घेतला. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर नोंदणीचा आकडा. मग बेबीबाईच्या चक्कीवर गर्दी झाली म्हणून ती निघून गेली, आणि मीही.

धनतेरशीच्या संध्याकाळी मेसेज आला. बेबीबाईनं तो मला नंतर दाखवला म्हणून शब्द न् शब्द आठवतो. 'आपल्या तपासणीनुसार हृदयविकाराचा धोका अति जास्त आहे. सात दिवसांच्या आत दवाखान्यात यावे. छातीत दुखल्यास त्वरित १०८ ला फोन करावा.' खाली नोंदणीचे शेवटचे चार आकडे. नाव नाही. दुसऱ्या कोणी वाचलं तर गुपित फुटू नये म्हणून नाव घालत नाहीत म्हणे.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा बेबीबाईच्या हातात असा निरोप आला ज्याला कान नव्हता.

तिनं बोटावर मोजलं. तिचा नंबर देणारे तिच्यासकट सात. तिनं स्वतःची चिठ्ठी चक्कीच्या डब्यातून काढली. आकडे जुळत नव्हते. म्हणजे उरलेल्या सहांपैकी एक. मेसेज आला त्या नंबरवर फोन लावला तर लागेना. सिस्टर दिवाळीला माहेरी, तिचा फोन बंद. आशाताई संपावर, नाहीतर लाल यादी घेऊन त्याच घरोघर आल्या असत्या. दवाखान्याची ओपीडी सणाला बंद. आणि बेबीबाईला सांगायचं कोणाला हेच कळेना. मग तिनं आपल्या डोक्यानं शोधायला सुरुवात केली.

चार दिवस ती दारोदार हिंडली. निरोप न देता यायची, समोर बसायची आणि टक लावून तोंडाकडे पाहायची. सहांतल्या देवकाबाईकडे गेली, तिच्या पायावरची सूज दाबून पाहिली. तुलारामला म्हणाली, "जरासाक चालून दाखव." माझ्याकडे आली तेव्हा मी लक्ष्मीपूजनाच्या आधी द्यायचे चार ब्लाऊज घेऊन बसले होते.

"दीपमाला, तुले कसं वाटून राहिलं?"

"मले काय धाड भरली?"

"नाही, जीव घाबरते का? डाव्या हाताले मुंग्या गिंग्या?"

मी चिडून तिला घालवली. पण ती गेल्यावर माझा डावा हात खरंच जड वाटायला लागला. माझा बाप पंचेचाळीसाव्या वर्षी खळ्यावर धान चुरताना बसला तो उठलाच नाही. आणि या दिवाळीला मी एक्केचाळीसची. रात्रभर उशीत स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकत पडले.

गल्लीला कळत काहीच नव्हतं, पण भीती पसरायला कळावं लागत नाही. बेबीबाई विनानिरोपाची येते, गप्प बसते, उठून जाते, यातच तर्क सुरू झाले. कोणी म्हणे, कोणाच्या तरी पोराचा अपघात झाला आणि ही लपवते. कोणी म्हणे, बँक बुडाली. त्या दिवसांत रोज संध्याकाळी सुंदरबाई आपल्या पायरीवर बसलेली दिसायची, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. बेबीबाई मान वळवून पुढे जायची. मी ते पाहिलं होतं. मनात काही आलं नाही.

सोमवारी मी चक्कीवर गेले. दळण नव्हतं, भांडायलाच गेले.

"काय चालवलं मावशी तू? काहून साऱ्यायले भेवाडून राहिली?"

तिनं दार ओढून घेतलं. पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. मी मेसेज वाचला. आधी मनात हेच आलं की मीच. दुसरं काही आलं नाही, खोटं कशाला सांगू.

"तुयी चिठ्ठी कुठी हाय?" ती म्हणाली.

घरी येऊन मशीनचे सगळे खण उपसले. चिठ्ठी सापडली, बॉबिनच्या डब्यात. आकडे वेगळे होते. मी खाली बसून रडले, मग हसले, मग माझी मला लाज वाटली. कारण माझं हसू म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी मरण होतं.

परत गेले तेव्हा बेबीबाई पोत्यावर तशीच बसून होती.

"आता पाच उरले," मी म्हटलं. "साऱ्यायले सांग."

"एकाचा निरोप पाचाइले सांगू? अन् पाचाइले सांगतलं तं पाचाइच्या छातीत दुखन, दीपमाला."

"नाही सांगतलं तं एक जन मरन!"

ती हलक्या आवाजात म्हणाली, "माह्या नंबरानं कोनाचा जीव गेला तं मी कोनाले तोंड दाखवू वो?"

नवरा गेला तेव्हाची बेबीबाई मी पाहिली नव्हती, मी तेव्हा या गावात आले नव्हते. पण जुन्या बाया सांगतात की ती तेव्हाही भ्याली नव्हती, तेराव्या दिवशी चक्की सुरू केली होती. त्या दिवशी मात्र ती भ्यालेली मी डोळ्यांनी पाहिली, आणि तिला पाहून मला जास्त भीती वाटली.

दोन दिवस आम्ही दोघींनी काहीबाही कारणं काढून चिठ्ठ्या शोधल्या. देवकाबाईची पदराच्या गाठीत धुऊन निघाली होती, आकडा गेला. तुलारामनं आपल्या चिठ्ठीत खर्रा बांधून ती फेकून दिली होती. उरलेल्या तिघांना चिठ्ठी मिळाल्याचंच आठवत नव्हतं. भाऊबीज झाली. मेसेजला सहा दिवस होत आले. शेवटी बेबीबाईनं आपली रीत मोडली. पाचही जणांना चक्कीवर बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी जो आळ आला होता तो आज खरा करते, अशा चेहऱ्यानं सांगितलं.

गुरुवारी सकाळी आम्ही सात जण एका ऑटोत कोंबून तालुक्याला निघालो. अशी वरात मी कधी पाहिली नाही. देवकाबाईनं सुनेला कपाटाची किल्ली देऊन ठेवली होती. तुलारामनं सकाळपासून खर्रा खाल्ला नव्हता आणि दर खड्ड्याला तो छातीवर हात ठेवत होता. "मले काही झालं तं बैल भाच्याले द्या," एवढं एकदा म्हणाला. हसावं असं कोणाला वाटलं नाही.

दवाखान्यात चौदा नंबरच्या खोलीत एक मुलगी कॉम्प्युटरवर बसलेली. बेबीबाईनं फोन पुढे केला. मुलीनं नंबर टाकला आणि म्हणाली, "ओटीपी येईल मावशी, तो सांगा." ओटीपी बेबीबाईच्याच फोनवर आला. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि सवयीनं पदर आडवा धरून त्या मुलीच्या कानात सांगितला.

कॉम्प्युटरचा पडदा उघडला. मुलगी एकेक नाव वाचत गेली. देवकाबाई, पिवळा. बीपीची गोळी चालू करायची. तुलाराम, पिवळा, खर्रा बंद. बाकीचे तिघं हिरवे. दीपमाला, हिरवा. बेबीबाई, हिरवा.

खोलीत जणू कोणी खिडकी उघडली. देवकाबाई मटकन बाकावर बसली. तुलारामनं खिशातून खर्र्याची पुडी काढली, तिथल्या एका सिस्टरनं ती त्याच्या हातातून ओढून घेतली, आणि तेव्हा आम्ही सगळे हसलो, सहा दिवसांचं.

"मंग मेसेज चुकला तुमचा," तुलाराम म्हणाला.

"चुकला नाही," ती मुलगी म्हणाली. "लाल आहे ना एक. या नंबरवर आठ नावं आहेत."

बेबीबाई म्हणाली, "सात."

"आठ आहेत मावशी. सुंदरबाई, वय सत्तावन्न."

आमचं हसू तिथेच विरलं. शिबिराच्या दिवशी बेबीबाई चक्कीवर गेल्यावर सुंदरबाई रांगेला लागली होती. आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. तिचा मुलगा पिंटू बुटीबोरीला कंपनीत असतो, त्याचा नंबर दर सहा महिन्यांनी नवा. तिला पाठ असलेला नंबर एकच होता.

डॉक्टर बाजूच्या खोलीतून आले, तरुणच होते. पडद्यावरचं वाचलं. बीपी, साखर, रक्तातली चरबी, भावाला झटका आलेला. कॉम्प्युटरनं तिला पहिल्याच दिवशी भंडाऱ्याला पाठवा असं सुचवलं होतं. "सहा दिवस झाले," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता फोन लावा यांना. कशा आहेत विचारा."

मुलीनं टेबलावरचा फोन उचलला आणि पडद्यावरचा नंबर लावला.

बेबीबाईच्या हातातला फोन वाजायला लागला.

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. तो वाजत राहिला. शेवटी मीच तो तिच्या हातातून घेऊन बंद केला. पीठ नसतानाही तिचं तोंड पांढरं दिसत होतं.

डॉक्टरांनी १०८ बोलावली. आम्ही दोघी गाडीत चढलो. बाकीचे ऑटोनं मागून येणार होते. त्या वाटेचं मला फार आठवत नाही. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे कडपे पडलेले, आणि बेबीबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "भिंतीले भिंत हाय वो. भिंतीले भिंत हाय."

सुंदरबाई पायरीवरच होती. शेतातून लवकर परतलेली, विळा बाजूला पडलेला. भिंतीला टेकून बसली होती, एक हात जबड्याखाली. नोव्हेंबरच्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम निथळत होता.

नऊ वर्षांत पहिल्यांदा बेबीबाई त्या पायरीवर चढली. गुडघे टेकून खाली बसली, पदर आडवा धरला आणि सुंदरबाईच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. निरोप तिचा होता. सुंदरबाईनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग गाडीतल्या माणसांनी तिला उचललं.

तिला झटका आला होता. भंडाऱ्याला नेलं, तिथून त्याच दिवशी नागपूरला. वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला, असं तिथल्या डॉक्टरांनी पिंटूला सांगितलं. आता तिला अर्धी घागरही उचलवत नाही. सहा दिवस आधी आली असती तर गोळ्यांवर निभावलं असतं कदाचित, असंही ते म्हणाले. 'कदाचित' हा डॉक्टरांचा शब्द. बेबीबाईला तो ऐकू आला नाही, बाकीचं सगळं आलं.

दहाव्या दिवशी आम्ही दोघी नागपूरला भेटायला गेलो. बेबीबाईनं डब्यात तांदळाच्या पिठाची भाकर नेली होती, आणि ती चालत नाही असं नर्सनं सांगितल्यावर डबा मांडीवर घेऊन बसली. मीच म्हटलं, "सुंदरमावशी, एवढं दुखत होतं तं दवाखान्यात काहून नाही गेली?"

सुंदरबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. बेबीबाईकडे पाहून म्हणाली, "धनतेरशीपासूनच दुखून राहिलं होतं. कापनीचं असन, म्हनलं. मंग तू फिराले लागली. म्हनलं, दवाखान्याचा काही निरोप आला वाटते. मी रोज पायरीवर बसून वाट पाहून राहिली. तू देवकाबाईकडे गेली, दीपमालाकडे गेली, माह्या दारावरून पुढं गेली. मी म्हनलं, चला बाई, मले काही नाही."

बेबीबाईनं डबा खाली ठेवला.

"शपथ होती माही," ती म्हणाली.

"मले माहीत होतं शपथ हाय म्हून. पर मले वाटलं, असा निरोप असन तं तू येशीन." सुंदरबाईनं डोळे मिटले. "म्हून तं नंबर देल्ला होता तुया."

परतीच्या एसटीत बेबीबाई खिडकीकडे तोंड करून बसली होती. पवनी येईपर्यंत तिनं मान वळवली नाही. पायरीवर बसलेली सुंदरबाई मीही रोज पाहिली होती.

त्यानंतर सिस्टरनं बेबीबाई सोडून आम्हा सगळ्यांची नावं वेगवेगळ्या नंबरांवर टाकून घेतली. आपल्या नावापुढे मात्र सुंदरबाईनं हट्टानं एकवीस एकवीस ठेवायला लावला.

बेबीबाई अजून संध्याकाळी सहाला चक्की बंद करते. फेरी मात्र आता लांबते. निरोप असो नसो, ती अकराही दारांशी थांबते. ज्याचा आहे त्याला कानात सांगते. ज्याचा नाही त्यालाही सांगते, "आज तुयं काही नाही आलं." तुलाराम तिची टिंगल करतो, मी करत नाही. मशीनवर बसल्याबसल्या माझे कान तिच्या पावलांकडे असतात, आणि ती माझ्या ओसरीशी येऊन बोलेपर्यंत माझा पाय पायट्यावर हलत नाही.

सुंदरबाईचं दार ती शेवटी ठेवते. सुंदरबाई पायरीवर बसलेलीच असते. बेबीबाई वर चढते, खाली बसते, पदर आडवा धरते.

"आज काही नाही," ती म्हणते.

"गोळी घेतली मी," सुंदरबाई म्हणते, आणि मग दोघी अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहतात.